अर्जातील कारणाची ओळ

महाविद्यालयीन लेखनाचा विचार मराठीत बहुधा वार्षिकांकापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. २७ फेब्रुवारीला काव्यवाचन व निबंधस्पर्धा होतात; ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून सोहळ्यांत आणखी भर पडली आहे. या सोहळ्यांत ‘लेखन’ म्हणजे कविता, कथा, फार तर ललितलेख, हे गृहीतच असते. नवीन जालन्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात वर्षभर प्रत्यक्ष जे लिहिले जाते, म्हणजे रजेचे अर्ज, वसतिगृहाची नोंदवही, प्रयोगवह्या, सूचनाफलक, कार्यालयातील आवक-जावक, त्याला या गृहीतात जागा नाही. ती द्यावी की नाही, हा प्रश्न औदार्याचा नसून वाङ्मयीन मूल्यविचाराचा आहे.

अर्ज हाच प्रकार घ्यावा. त्याचे आरंभ-शेवट कचेरीच्या मराठीने बांधलेले असतात: ‘विनंती अर्ज सादर करतो की’, ‘कळावे’. मधली कारणाची ओळ मात्र लिहिणाऱ्याची असते. भोकरदन-जाफराबादकडचा विद्यार्थी तेथे कापसाच्या वेचणीचे नाव घेतो, अंबडकडचा मोसंबीच्या बागेचे. पंपाची लाइट रात्रीची होती म्हणून सकाळच्या तासाला येणे झाले नाही, असेही कोणी लिहितो. साचा आणि कारण यांच्या सांध्यावर वाक्य अडखळते, क्रियापदाचे रूप बदलते, प्रमाणभाषेच्या आडून बोली डोकावते. अनुभव आणि भाषा यांचे नाते तपासू पाहणाऱ्या समीक्षेला याहून नेमकी जागा क्वचितच मिळेल. त्याच विद्यार्थ्याची वार्षिकांकातील कविता पाहिली तर तीत बहुधा चांदणे असते, प्राजक्त असतो; मोसंबी नसते. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. अशा वर्षाचा दस्तऐवज कवितेपेक्षा अर्जांच्या फाइलीत सापडण्याचा संभव अधिक.

वास्तविक मराठी गद्याला दैनंदिनाचे वावडे कधीच नव्हते. ‘लीळाचरित्र’ हे एका समुदायाने आठवून आठवून सांगितलेले रोजचे चालणे, जेवणे, बोलणेच आहे. त्या पंथाचे जाळीचा देव हे तीर्थस्थान भोकरदन तालुक्यातच आहे. अभिजाततेचा पुरावा म्हणून ज्या ग्रंथाकडे बोट दाखवायचे, त्याची लेखनदृष्टी मात्र महाविद्यालयाच्या दाराबाहेर ठेवायची, ही विसंगती कोणाला खुपत नाही.

मराठवाड्यात ही कोंडी एकदा फुटली होती. १९८१पर्यंत जालना ज्या औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होते, त्याच्या मुख्य शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे येथे आलेल्या अनेकांसाठी उच्च शिक्षण आणि मराठी लेखन या दोन्ही गोष्टी एकदमच नव्या होत्या. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी स्वतः ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने पुढे या परिसरातील लेखनाला व्यासपीठ दिले. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) भूक, आश्रित जिणे, शिक्षणासाठीची धडपड येते. अर्जातील कारणाच्या ओळीने साच्याबाहेर येऊन पुस्तकभर जागा घ्यावी, तसे ते लेखन आहे. त्याची वाङ्मयीनता बाहेरून चढविलेली नाही.

याचा अर्थ प्रत्येक अर्ज साहित्य असतो, असा नव्हे. तसे म्हणणे म्हणजे समीक्षेने आपले काम सोडून देणे होय. शिवाय, अर्ज एका व्यक्तीने एका व्यक्तीस, गरजेपोटी लिहिलेला असतो. फीच्या सवलतीसाठी मांडलेले घरचे दारिद्र्य गौरवाच्या नावाखाली भित्तिपत्रकावर लावले, तर तो लेखनाचा सन्मान नसून लेखकाची विटंबना ठरेल. लिहिणाऱ्याच्या संमतीशिवाय हा व्यवहार होऊ नये. आणि स्पर्धा तर मुळीच नकोत. ‘सर्वोत्कृष्ट अर्ज’ असे पारितोषिक निघाले की पुढच्या वर्षी अर्जातही चांदणे उतरेल.

खरा अडसर संस्करणाचा आहे. अर्ज वर्गशिक्षकाकडे दुरुस्तीला जातो. ‘लाइट रात्रीची होती’ यावर लाल रेघ येते आणि समासात शुद्ध, निर्दोष अक्षरांत लिहिले जाते: ‘काही अपरिहार्य कारणास्तव’.