पेशीचा धडा: तीन शब्द, दोन उपमा आणि एक उकळलेले पान

पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी पेशी हा विषय संपलेला असतो. शाळेत धडा झाला, आकृती काढली, नावे दिली, गुण मिळाले. या टिपणात त्याच धड्याकडे पुन्हा एकदा, पण टीकेच्या नजरेने पाहायचे आहे. समोर ठेवले आहे ते एन.सी.ई.आर.टी.चे २००६ साली आलेले नववीचे विज्ञानाचे पुस्तक आणि त्यातील पेशीवरचे प्रकरण. हिंदी आवृत्तीत त्याचे नाव ‘जीवन की मौलिक इकाई’. देशभरच्या लाखो मुलांनी पेशी पहिल्यांदा नीट वाचली ती इथे. माझा आक्षेप एवढाच की हा धडा आणि तो शिकवण्याची आपली रीत, दोन्ही नावांवर आणि उपमांवर जितके रेंगाळतात तितके धड्यातल्याच प्रयोगांवर रेंगाळत नाहीत. त्यामुळे त्यातला सर्वांत चांगला प्रयोग हातून निसटतो.

हे सुचले मयूर विहारमध्ये, शेजारच्या घरी. घर मराठी, मुलगी नववीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात समजावणे हिंदीत, म्हणून घरी दोन्ही आवृत्त्या. आई सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमात शिकलेली. अभ्यास ती घेते. ऊतींच्या धड्यात हिंदी पुस्तकात ‘पेशीय ऊतक’ असा शब्द आला आणि आई थबकली. “पेशीय ऊतक म्हणजे पेशींची ऊती ना? मग ऊती पेशींचीच असते की, त्यात वेगळं काय सांगितलं?” मुलगी म्हणाली, “आई, पेशी म्हणजे मसल.” पुढे ‘स्नायु’ आला, तो हाडाला हाड जोडणारा. आता आई चिडलीच, कारण तिच्या लेखी मसल म्हणजे स्नायू. तेवढ्यात दाराशी आलेल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांनी ‘पेशी, पेशी’ ऐकून काळजीने विचारले की कुणाची पेशी आहे, कडकडडूमा कोर्टात का?

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे, पण सोडू नये. मराठीत पेशी म्हणजे सेल आणि स्नायू म्हणजे मसल. हिंदीत सेलला कोशिका, मसलला पेशी, आणि स्नायु म्हणजे मराठीतला अस्थिबंध. यात चूक कुणाची? जुन्या अर्थाने पाहिले तर हिंदी पुस्तक परंपरेला धरून आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा पट्टा आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा तंतू. ५०० हा आकडाच सांगतो की ती पेशी आपली पेशी नव्हे. मराठीने दोन्ही शब्द उचलले आणि दुसऱ्या कामाला लावले. मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ वापरून पाहिले, पण वाचकाला कळावे म्हणून पुढे कंसात ‘पेशी’ लिहावे लागले. शब्द रुळला तो पेशीच.

तरीही मला मराठीची ही निवड आवडते, आणि कारण केवळ सवयीचे नाही. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि दिसलेल्या कप्प्यांना सेल म्हटले. सेल म्हणजे लहान खोली. त्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण बुचातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. हुकला दिसल्या त्या फक्त भिंती. म्हणजे जीवनाच्या एककाला इंग्रजीत नाव मिळाले ते त्याच्या रिकाम्या सांगाड्यावरून. कोशिकेतला कोश म्हणजे आवरण किंवा भांडार. तिथेही जोर बाहेरच्या वेष्टनावर. पेशी या शब्दात मात्र मांसाचा गोळा आहे. चरकसंहितेत दुसऱ्या महिन्यातील गर्भाच्या एका रूपाला पेशी म्हटले आहे. खोली, वेष्टन आणि जिवंत गोळा या तिघांतून आज जे माहीत आहे त्याच्या जवळ कोण जाते, हे वाचकाने ठरवावे. पुस्तक हुकची गोष्ट सांगते, सेल म्हणजे खोली हेही सांगते, पण खोली रिकामी का होती यावर थांबत नाही. थांबले असते तर पुढचा अर्धा धडा वेगळा झाला असता.

आता उपमा. तंतुकणिका म्हणजे पेशीचे बिजलीघर आणि लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशवी. या दोन ओळी न येणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. बिजलीघर हा शब्द फिलिप सिकेव्हिट्झ यांनी १९५७ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकात वापरला आणि तो जगभर चिकटला. कामापुरता ठीक आहे, फक्त तंतुकणिका ऊर्जा निर्माण करत नाही. अन्नातली ऊर्जा एटीपीच्या रूपात आणते. ते कसे घडते याचे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडले: आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवायचे आणि परत येताना त्यांच्याकडून काम करून घ्यायचे. यासाठी त्यांना १९७८ साली नोबेल मिळाले. म्हणजे सगळी करामत पटलाची, आणि घडीदार आतले पटल आकृतीत आपण दोन नागमोडी रेघांत उरकतो.

आकृतीतला तो घेवड्याच्या दाण्यासारखा आकारही तपासून पाहावा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशीचे अत्यंत पातळ काप घेतात. ताटात शेवयांचा गुंता घेऊन सुरीने आडवा काप द्या. कापात लांब शेवई दिसत नाही, गोल आणि लांबट ठिपके दिसतात. जिवंत पेशीत तंतुकणिका बऱ्याचदा लांब तंतूंसारख्या असतात, एकमेकींना जोडल्या जातात, पुन्हा तुटतात. १८९८ साली कार्ल बेंडा यांनी ग्रीक शब्दांवरून नाव दिले ते तंतू आणि कण असे दोन्ही मिळून, आणि मराठी तंतुकणिका हे त्याचे चोख रूप आहे. चित्राने विसरलेली गोष्ट नावाने जपली आहे, पण वर्गात नावाची फोड करून सांगायला वेळ कुणाला!

आत्मघाती पिशवीचे प्रकरण अधिक बिघडलेले आहे. लयकारिका क्रिस्तियाँ द दूव यांनी १९५५ साली दाखवल्या, आणि पिशवी फुटली तर आतली विकरे पेशीलाच खातील, ही शंका तेव्हा रास्त होती. आज चित्र वेगळे आहे. पेशी जेव्हा ठरवून मरते तेव्हा कॅस्पेझ नावाची विकरे ते काम करतात, आणि त्यांना चालना देणारा एक मोठा संकेत येतो तो तंतुकणिकेतून, सायटोक्रोम सी बाहेर पडल्यामुळे. थोडक्यात, मृत्यूची घंटा बऱ्याच वेळा बिजलीघरातच वाजते. लयकारिकेचे रोजचे काम मोडके भाग खाऊन त्यांचा माल परत वापरायला देणे हे आहे. याच कामाच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले. ते संशोधन यीस्टवर झाले, आणि यीस्टमध्ये हे काम रिक्तिका करते. वनस्पतींतही मोठ्या रिक्तिकेत पाचक विकरे असतात. तेव्हा ‘वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी यांतील फरक’ या तक्त्यात लयकारिका एका बाजूला आणि मोठी रिक्तिका दुसऱ्या बाजूला असे ठेवले, की दोघींचे काम कुठे मिळते हे कुणाला दिसतच नाही.

इथवरचे दोष कुठल्याही शालेय पुस्तकात सापडतील. पण या धड्यातले प्रयोग मात्र खरोखर वाचण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग अंड्याचा. सौम्य आम्लात कवच विरघळवायचे, मग अंडे साध्या पाण्यात ठेवायचे: फुगते. दुसरे तसेच अंडे मिठाच्या तीव्र द्रावणात: आक्रसते. दुसरा प्रयोग मनुकांचा. पाण्यात फुगतात, साखरेच्या पाकात पुन्हा सुरकुततात. तिसरा ऱ्हिओच्या पानाचा. पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तिच्यावर साखरेचे किंवा मिठाचे तीव्र द्रावण घालायचे, आणि मग हेच सगळे उकळत्या पाण्यात टाकून मारलेल्या पानावर करायचे. जिवंत पानात रससंकोच दिसतो, मेलेल्यात दिसत नाही. त्यावरून पुस्तक निष्कर्ष काढते की परासरणाने पाणी शोषणे जिवंत पेशींनाच जमते, मेलेल्यांना नाही.

पण मग मनुका का फुगली? ती उन्हात वाळली आहे, डब्यात महिने काढले आहेत, तिच्यातल्या पेशी जिवंत नाहीत. एकाच धड्यात मेलेले फळ पाणी शोषते आणि मेलेले पान शोषत नाही, आणि या विसंगतीबद्दल धड्यात एक वाक्यही नाही. अंड्याचीही तीच गत. कवचाखालचे ते पातळ आवरण पेशीपटल नव्हेच. कोंबडीच्या अंडनलिकेत अंड्याभोवती चढवलेले ते प्रथिनांच्या तंतूंचे अस्तर आहे. ‘अंडे म्हणजे एक पेशी’ असे शाळेत सर्रास सांगतात. फलन न झालेल्या अंड्यात ती पेशी म्हणजे बलक, पांढरा भाग आणि अस्तरे तिच्याबाहेरची. अंडे फलित असेल तर घालताक्षणीच त्यात हजारो पेशी झालेल्या असतात.

म्हणजे अंडे आणि मनुका हे पेशीवरचे प्रयोग नाहीत, पेशीची प्रतिकृती आहेत. पाण्याला सहज वाट देणारे आणि आतल्या विरघळलेल्या मालाला अडवणारे कसलेही आवरण असले की परासरण होते. मग ते अंड्याचे अस्तर असो वा मनुकेची अखंड साल आणि आतला साखरेने दाट झालेला गर. त्याला जीव लागत नाही. जीव लागतो तो पेशीपटलासारखे नाजूक आवरण अखंड राखायला. उकळल्याने पाण्याचे नियम बदलत नाहीत, पटल फाटते. आतबाहेर काही फरकच उरला नाही तर पाणी कुठून कुठे जाणार? पुस्तकाचा निष्कर्ष निरीक्षणापुरता बरोबर आहे, पण कारण जीवाला चिकटवतो, पटलाला नाही. नववीतला मुलगा यातून ‘जिवंत पेशींत काहीतरी शक्ती असते’ एवढेच घेऊन उठतो, आणि पदवीच्या वर्गात पटलाची जडणघडण शिकताना दोन्हींचा सांधा त्याला सापडत नाही.

हा सांधा दाखवायला फार सामग्री लागत नाही. ऱ्हिओ दिल्लीत गॅलरीतल्या कुंड्यांत सर्रास असते: वरून हिरवे, खालून जांभळे पान. ती जांभळी साल मुद्दाम घ्यावी, कारण रंग रिक्तिकेत असतो आणि आकसणे रंगामुळे लगेच दिसते. सूक्ष्मदर्शक नसला तर कागदी फोल्डस्कोपही चालतो. शेजारच्या त्या मुलीबरोबर आम्ही हे एका रविवारी केले. साखरेचे पाणी घालताच जांभळा भाग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होऊ लागला. हुकने पाहिल्या त्या भिंती जागच्या जागी, आणि आत आकसणारा जिवंत गोळा वेगळा. आई म्हणाली, “ही खरी पेशी.” मग पान उकळत्या पाण्यात टाकले. साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आधीच मुलगी पातेल्यात वाकून पाहत होती.

“काका, पान फिकं झालं आणि पाणी जांभळं. मग आत अडवून कोण ठेवत होतं याला?”