बिनतारणी फेणे

वाचनालयात कपाटं दोनच: एक बालवाङ्मयाचं, दुसरं प्रौढांचं. मग मिसरूड फुटू घातलेल्या प्राण्यानं उभं राहायचं कुठं? आमच्या अलिबागेत तो समुद्रावर जातो! भा. रा. भागवतांनी (१९१०-२००१) त्याच्यासाठी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे सायकलवर बसवला आणि प्रश्न निकालात काढला.

ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या गुणी खरा; पण इतका, की त्याचं नाव घेऊन आया आपल्या पोरांना बदडत. फेण्याच्या नावानं कुणी मार खाल्ल्याचं ऐकिवात नाही. काडीपैलवान पोर! 'ट्टॉक्' केलं की समजावं, स्वारीला काहीतरी खटकलंय. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांना गोष्टीचा वेग ठाऊक. उपदेश मागून धापा टाकत येतो, पण त्याला सायकल काही गाठता येत नाही.

बँकेतला माणूस, तेव्हा जमाखर्च मांडतो. नावे बाजूला योगायोगांचा ओव्हरड्राफ्ट भरमसाठ, मुलींच्या वाट्याला जागा तुटपुंजी. जमेला रक्कम एकच, पण मोठी: हा लेखक पोराच्या अकलेवर तारण न मागता विश्वास टाकतो. आपण मात्र पुस्तक हातात देतो ते 'यातून काय शिकलास?' हे व्याज वसूल करण्यासाठी. मग पोरं वाचनाकडे फिरकत नाहीत आणि खापर फुटतं मोबाईलवर.

चाळिशी उलटली तरी मी फेणे राजरोस वाचतो. तुम्हीही वाचा. आणि भाच्याला पुस्तक द्याल तेव्हा एवढंच करा, देऊन चालू लागा.