परस्परप्रोत्साहन आणि काव्याचा निकष : रविकिरण मंडळासंबंधी एक टिपण

१९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे बहुतेक सभासद अध्यापनादी व्यवसाय सांभाळून काव्यरचना करीत व एकत्र जमून ती परस्परांना ऐकवीत. या स्नेहाने कवींस धीर दिला, यात शंका नाही. परंतु श्रोता स्नेही असला, की ‘सुंदर’ हे विशेषण कवितेस न लागता कवीस लागते; त्याचा वाच्यार्थ क्षीण होऊन केवळ सौजन्य उरते. काव्यगायनाने हा धोका वाढविला; कारण गोड गळा शिथिल चरणासही तारून नेतो. तथापि याच मंडळातील माधव जूलियन यांनी १९२७ मध्ये ‘छंदोरचना’ सिद्ध करून कानाच्या कौलास शास्त्राचा आधार दिला. प्रोत्साहनास अशा निकषाची जोड मिळाली, तरच ते वाङ्मयास उपकारक ठरते.