बालहृदयोपचारातील विषमता आणि ऊसतोड मजुरांची मुले : एक चिकित्सा
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेनंतर कृष्णवर्णीय बालकांच्या मृत्यूचे प्रमाण गौरवर्णीयांपेक्षा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. तेथे विषमतेचा आधार वंश आहे. महाराष्ट्रात तिचे रूप जात, दारिद्र्य आणि स्थलांतर यांच्या संयोगात शोधावे लागते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील साखर कारखान्यांचा परिसर या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

2013 मध्ये आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा या क्षेत्रातील महत्त्वाचा प्रयत्न होय. नवजातांची प्रसूतिस्थळी, अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी व्हावी; जन्मजात हृदयदोष वा संधिवातजन्य हृदयविकार आढळल्यास मोफत उपचार मिळावेत, अशी त्याची रचना आहे. तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे : मूल पटावर असते आणि वर्षभर एकाच गावी राहते.

माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या कुटुंबांना हे गृहीतक लागू पडत नाही. त्यांत दलित व भटक्या-विमुक्त समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. गळिताच्या हंगामात त्यांची मुले कोपीवर राहतात. गावच्या पटावर ती गैरहजर आणि फडावर अनोंदित ठरतात.

हृदयविकारात हा विलंब घातक असतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील मोठे छिद्र वेळीच बुजविले नाही, तर फुफ्फुसांतील रक्तदाब वाढून शस्त्रक्रियेची संधीच हुकते. संधिवातजन्य विकारात पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. गाव बदलताच हा क्रम तुटण्याचा धोका असतो आणि तो तुटल्यास झडपांना पुन्हा इजा होऊ शकते.

स्थलांतरितांनाही अंगणवाडीचा हक्क आहे, असा प्रतिवाद केला जाईल. तो खरा आहे. मात्र पथकाच्या भेटीची तारीख आणि टोळीचा मुक्काम यांचा मेळ बसला नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. म्हणून हंगामाच्या प्रारंभी कोप्यांवर तपासणी, आईजवळ राहणारे उपचारपत्र आणि बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी, जे 2019 मध्ये सुरू झाले, थेट जोडणी या बाबी कार्यक्रमाच्या रचनेतच अंतर्भूत व्हावयास हव्यात. पटावरील नोंद हा गणनेचा आधार आहे. ती उपचाराची पूर्वअट ठरता कामा नये.