दारापर्यंत न पोचलेले नवखे

मागच्या पोस्टमध्ये ज्या संशोधनाचं कौतुक केलं, त्याच्याशीच आज थोडं भांडायचंय.

थोडक्यात आठवण करून देते. इगोर स्टाइनमाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या पेपरात ओपन सोर्स प्रकल्पात पहिलं योगदान देताना येणारे ५८ अडथळे मांडले. त्यातले १३ सामाजिक: उत्तर उशिरा मिळणं, उर्मट मिळणं, मार्गदर्शक न सापडणं, इंग्रजी कच्चं असणं वगैरे. वाचताना मान डोलत होती, कारण माझ्या पहिल्या पॅचला ‘आधी नियम वाच’ एवढंच उत्तर आलं होतं. पुढे वर्षभर मी तिकडे फिरकले नाही.

पण ही यादी कोणाला विचारून केली? योगदान देऊ पाहणारे विद्यार्थी आणि प्रकल्पांतली मंडळी. म्हणजे दारापर्यंत पोचलेले लोक. दार आहे हेच ज्यांना माहीत नाही, ते या डेटात येतच नाहीत.

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यातलं खैरात घ्या. चार इयत्ता, एकच शिक्षक. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग याच शाळेत झाला. त्या प्रकल्पाच्या पाच तत्त्वांपैकी एक होतं मुक्त, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. हिरव्या-पांढऱ्या एक्सओच्या कीबोर्डवर ‘सोर्स दाखवा’ असं चक्क वेगळं बटण होतं! कल्पना अशी की मूल ते दाबेल, आतला कोड पाहील, बदलेल.

बरं, दाबलं. पुढे काय दिसणार? पायथन. ‘इफ’, ‘व्हाइल’, ‘इम्पोर्ट’. मराठी शाळेतल्या तिसरीच्या पोराला ही उघडी खिडकी आणि भिंत यांत फरक तो काय? इथे कोणी उर्मट बोललेलं नाही, उलट सगळ्यांची नियत चांगलीच होती. म्हणूनच ही उच्चभ्रूगिरी ५८च्या यादीतून निसटते. ‘कोड खुला आहे’ म्हटलं की आपली जबाबदारी संपली, असं मानणं हाच तो अडथळा. लायसन्स वाचायची परवानगी देतं, ऐपत देत नाही.

मला विचाराल तर त्या शाळेतून सर्वात सोपं योगदान मुलांचं नव्हे, गुरुजींचं असतं: भाषांतर. मेनूतला मराठी शब्द मुलांना कळत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण तो बदलायचा तर खातं उघडा, इंग्रजीतली सूचनापत्रं वाचा, पीओ फाइल म्हणजे काय ते शिका, मग पुढच्या आवृत्तीची वाट पाहा. एवढं करून अनेक प्रकल्पांत भाषांतराला ‘खरं’ योगदान मानतच नाहीत. (कोड लिहिणाऱ्यांचा हा तोरा मी स्वतःही मिरवलाय, कबूल.)

म्हणून माझ्या मुलाखती आता प्रोग्रामरांपासून सुरू होणार नाहीत. पुढच्या महिन्यात खालापूर तालुक्यातल्या शिक्षकांना भेटतेय. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न तूर्तास असा आहे: शाळेतल्या संगणकावर एखादा शब्द चुकीचा दिसला, तर तुम्ही कोणाला सांगता?