आधी ऐकणे, मग बोलणे : चिनी भाषकांच्या प्रगत इंग्रजी दुभाषा-परीक्षेच्या तयारीची चिकित्सा

बीजसंज्ञा : मौखिक भाषांतर, दुभाषा, चिनी-इंग्रजी, क्रमशः भाषांतर, परीक्षापद्धती, टिपणे.

प्रस्तावना

मराठीतील भाषांतरविषयक चर्चा प्रामुख्याने लिखित, आणि त्यातही वाङ्मयीन भाषांतराभोवती फिरत राहिली आहे. बोललेल्या शब्दाचे तेथल्या तेथे भाषांतर करणाऱ्या दुभाष्याच्या कामाचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. चीनमध्ये मात्र १९९० नंतरच्या काळात या कामासाठी स्वतंत्र परीक्षा, पदव्युत्तर अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि शिकवणी वर्ग अशी मोठी व्यवस्था उभी राहिली. मातृभाषा चिनी असलेला विद्यार्थी इंग्रजीच्या प्रगत दुभाषा-परीक्षेची तयारी कशी करतो, त्या तयारीत कोणती गृहीतके दडलेली असतात आणि ती कितपत टिकतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ही परीक्षा म्हणजे इंग्रजीचीच आणखी एक वरच्या पायरीची परीक्षा होय, असा समज तयारीच्या प्रचलित पद्धतींमागे आढळतो. शब्दसंग्रह वाढवावा, ठराविक वाक्ये मुखोद्गत करावीत, उच्चार घोटावेत, की काम झाले अशी ही धारणा आहे. वस्तुतः उमेदवार अडखळतो तो बहुधा इंग्रजीपाशी पोहोचण्यापूर्वीच. वक्त्याचे चिनी वाक्य नेमके काय सांगते, याचा निर्णय त्याने केलेला नसतो. स्वभाषेतील श्रवण ही दुभाष्याची पहिली विद्या आहे आणि तयारीत तिचीच उपेक्षा होते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परीक्षेची पार्श्वभूमी

चीनमधील दुभाष्यांच्या आधुनिक प्रशिक्षणाची सुरुवात म्हणून १९७९ साली बीजिंग परकीय भाषा संस्थेत संयुक्त राष्ट्रसंघासाठी सुरू झालेल्या प्रशिक्षण वर्गाकडे बोट दाखवले जाते. शांघायमध्ये १९९५ साली मौखिक भाषांतराची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली आणि तिचा प्रगत स्तर तरुण पदवीधरांत विशेष प्रतिष्ठेचा ठरला. २००३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील भाषांतर व्यावसायिक अर्हता परीक्षा आली. ती ‘कॅटी’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. २००७ मध्ये १५ विद्यापीठांतून भाषांतराची व्यावसायिक पदव्युत्तर पदवी सुरू झाली.

यांपैकी ‘कॅटी’ परीक्षा केवळ गुणवत्तेची खूण नाही. शासकीय व निमशासकीय आस्थापनांतील भाषांतरकारांची व्यावसायिक श्रेणी तिच्याशी जोडली गेली. म्हणजे उमेदवाराची पदोन्नती आणि चरितार्थ यांचा प्रश्न तीत गुंतलेला आहे. दुसऱ्या स्तराच्या क्रमशः भाषांतराच्या परीक्षेत आकलनाची एक आणि प्रत्यक्ष भाषांतराची एक अशा दोन प्रश्नपत्रिका असतात. दुसरीत ध्वनिमुद्रित भाषणे ऐकून इंग्रजीतून चिनीत आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतर करावयाचे असते. उमेदवाराचा आवाजही ध्वनिमुद्रित होतो आणि नंतर तपासला जातो.

दिशेचा प्रश्न

दुभाष्याने परभाषेतून स्वभाषेत भाषांतर करावे, उलट दिशेने शक्यतो करू नये, असा दंडक युरोपीय परंपरेत दीर्घकाळ मान्य होता. संयुक्त राष्ट्रसंघात इंग्रजी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश कक्षांतील दुभाषे आपापल्या भाषेतच भाषांतर करतात. चिनी आणि अरबी कक्षांतील दुभाष्यांना मात्र दोन्ही दिशांनी काम करावे लागते. चीनच्या देशांतर्गत बाजारपेठेतही हीच स्थिती आहे. चिनी उत्तम जाणणारे इंग्रजी भाषक दुभाषे संख्येने थोडे असल्यामुळे चिनीतून इंग्रजीत नेण्याचा भार चिनी भाषकावरच येतो.

येथून एक भ्रम निर्माण होतो. परभाषेत बोलायचे आहे, तेव्हा अडचण परभाषेचीच असणार, असे उमेदवाराला वाटते. स्वभाषेतील भाषण तर ‘समजतेच’! परंतु समजणे आणि पुन्हा सांगता येण्याइतके समजणे यांत अंतर आहे. स्वभाषेत कान जे सहज स्वीकारतो, त्याची मन फोड करीत नाही. शब्द ओळखीचे असल्यामुळे अर्थ हाती आल्याचा भास होतो आणि बोलण्याची वेळ आली की हाती केवळ शब्द उरतात. पॅरिसच्या परंपरेतील डानित्सा सेलेस्कोविच यांनी शब्द गळून अर्थ उरण्याच्या ज्या अवस्थेवर भर दिला, ती स्वभाषेपुरती आपोआप साधते असे मानणे ही तयारीतील मूळ त्रुटी आहे.

रचनेची अडचण

चिनी वाक्य क्रियापद-कर्माच्या क्रमात इंग्रजीला जवळचे असले, तरी विशेषणांच्या मांडणीत ते नेमके उलट वागते. ‘गेल्या वर्षी कारखान्यांतून कमी केलेल्या चाळिशीपुढील महिलांसाठी नगरपालिकेने सुरू केलेली योजना’ या शब्दसमूहात मराठी जशी सर्व विशेषणे आधी सांगून शेवटी ‘योजना’ या नामापाशी येते, तशीच चिनीही येते. इंग्रजीत ‘योजना’ प्रथम येते आणि बाकीचा तपशील तिच्यामागून. त्यामुळे चिनी भाषकाला मुख्य नाम कानी पडेपर्यंत सारे तपशील स्मृतीत तोलून धरावे लागतात. ऐकणे व विश्लेषण, स्मरण, बोलणे आणि या सर्वांचा समन्वय अशी दुभाष्याच्या श्रमाची विभागणी डॅनिएल जील यांनी केली आहे. एका बाजूचा भार वाढला की दुसरी बाजू कोसळते, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे.

या दृष्टीने पाहता काही ‘व्याकरणाच्या चुकां’चे निदान बदलते. बोली चिनीत ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ या तिन्ही सर्वनामांचा उच्चार ‘था’ असा एकच आहे. उत्तम इंग्रजी येणारा उमेदवारही भाषांतराच्या ओघात स्त्रीचा उल्लेख पुरुषवाचक सर्वनामाने करतो. त्याला नियम ठाऊक नसतो असे नाही. स्मृतीवर ताण येताच नियमावरील लक्ष सुटते. क्रियापदाच्या काळरूपांचे आणि अनेकवचनाचेही असेच होते. अशा उमेदवाराला पुन्हा व्याकरणाचे धडे देणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे!

आकड्यांचे गणित

आकड्यांची गणती चिनी उमेदवाराची सर्वांत उघड परीक्षा घेते. इंग्रजीत मोठ्या संख्येचे गट तीन-तीन अंकांचे, तर चिनीत चार-चार अंकांचे असतात. दहा हजारांचा एक ‘वान’ आणि दहा कोटींचा एक ‘यी’. ३७,६०,००,००० ही संख्या चिनीत ‘३ यी ७,६०० वान’ अशी बोलली जाते; इंग्रजीत तीच ३७६ मिलियन होते. लाख-कोटींत विचार करून मिलियन-बिलियनमध्ये बोलावे लागणाऱ्या मराठी भाषकाला ही कसरत अपरिचित नाही. आपला ‘लाख’ म्हणजे दहा ‘वान’, आणि एक ‘यी’ म्हणजे आपले दहा कोटी.

शिकवणी वर्गांत यासाठी रूपांतराचे तक्ते पाठ करून घेतात. तक्ता आवश्यक आहे. तो अपुरा पडतो याचे कारण निराळे आहे. संख्या अचूक उतरली तरी ती कशाची, वाढ की घट, आणि कोणत्या वर्षाच्या तुलनेत, हे निसटले तर ती निरर्थक ठरते. उलटपक्षी, प्रत्येक संख्या ही गणितातील संख्या नसते. मार्च २०१० मध्ये पंतप्रधान वेन च्यापाओ यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत प्राचीन कवी छू युआन यांच्या काव्यातील एका उक्तीचा आधार घेतला. मूळ उक्तीत मरण ‘नऊ’ वेळा येते. दुभाषी चांग लू यांनी इंग्रजीत ते ‘हजार’ वेळा केले. अभिजात चिनीत ‘नऊ’ हा असंख्यतेचा संकेत आहे, हे ओळखून घेतलेला तो निर्णय होता. हे भाषांतर चीनमध्ये बरेच गाजले. त्याच्या कौतुकात इंग्रजीच्या डौलाची चर्चा होते. मात्र त्याचे मूळ चिनी नीट ऐकण्यात आहे. तक्ता येथे उपयोगी पडला नसता.

घोषवाक्ये आणि पाठांतर

चिनी शासकीय गद्यात संख्यायुक्त संक्षेप, चार अक्षरी म्हणी व ठरीव शब्दबंध यांची रेलचेल असते. ‘सान नोंग’ म्हणजे शब्दशः ‘तीन शेत्या’. पण अभिप्रेत आहेत शेती, खेडी आणि शेतकरी यांचे प्रश्न. ‘श्यावखांग’ हा प्राचीन शब्द तंग श्यावफिंग यांनी १९७९ मध्ये आधुनिकीकरणाचे उद्दिष्ट सांगताना वापरला. त्याचा भाव मराठीत ‘खाऊनपिऊन सुखी’ या बोलीतील प्रयोगाने बराचसा व्यक्त होईल. शासकीय इंग्रजीत त्यासाठी ‘मध्यम समृद्ध’ अशा अर्थाचा पर्याय रूढ झाला आहे.

उमेदवार सरकारी कार्य-अहवालांच्या द्वैभाषिक आवृत्त्या घेऊन असे पर्याय पाठ करतात. या पाठांतराला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. रूढ पर्याय जिभेवर असला तर स्मृतीचा भार हलका होतो आणि पारिभाषिक एकवाक्यताही राहते. दोष उद्भवतो तो पाठांतर हेच विचाराची जागा घेते तेव्हा. जोन पिंकहॅम यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात चिनी वळणाच्या इंग्रजीची चिकित्सा केली. अनावश्यक नामे, क्रियापदे आणि विशेषणे चिनीतून जशीच्या तशी इंग्रजीत कशी उतरतात, हे त्यांनी दाखवून दिले. ‘अधिक बळकट करणे’, ‘जोमाने पुढे नेणे’ असे शब्दप्रयोग चिनीत लयीसाठी येतात, त्यांचा अर्थभार अल्प असतो. ते गाळायचे की ठेवायचे हे ठरविण्यासाठी कोणता शब्द काम करतो आणि कोणता केवळ ताल धरतो, हे चिनीत ओळखता आले पाहिजे.

येन फू यांनी १८९८ मध्ये हक्सलीच्या ग्रंथाच्या भाषांतराला जोडलेल्या प्रस्तावनेत ‘शिन’, ‘दा’ आणि ‘या’, म्हणजे निष्ठा, सुबोधता आणि सौष्ठव, हे तीन निकष मांडले. चिनी भाषांतरविचार आजही त्यांभोवती फिरतो. पाठांतरावर विसंबलेली तयारी सौष्ठवापासून सुरुवात करते. वास्तविक दुभाष्याच्या बाबतीत सुबोधता आधी साधावी लागते, कारण त्याच्या श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही.

टिपणांचा प्रश्न

टिपणे हा तयारीतील सर्वांत आकर्षक भाग. झाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी १९५६ च्या आपल्या पुस्तिकेत शब्दांऐवजी कल्पना टिपाव्यात, वाक्यांमधील दुवे ठळक करावेत आणि टिपण उभे उतरावे, असे सांगितले. त्यांनी सुचविलेली चिन्हे अवघी २० होती. आजच्या परीक्षोपयोगी पुस्तकांत मात्र चिन्हांचे लांबलचक तक्ते आढळतात. चिनी भाषकाला वस्तुतः एक नैसर्गिक सोय उपलब्ध आहे : एका अक्षरात बहुधा एक पूर्ण अर्थ मावतो. परंतु या सोयीतच धोका आहे. अक्षर सहज लिहिता येते म्हणून उमेदवार ऐकलेले सारे लिहू लागतो आणि ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘अन्यथा’ हे सांधे निसटतात. चिनीत कार्यकारणाचे दुवे पुष्कळदा अध्याहृत असतात. वाक्ये शेजारी ठेवली की संबंध कळतो. इंग्रजीत तो उच्चारावा लागतो. जे बोललेच गेले नाही ते टिपण्यासाठी आधी ते ऐकू यावे लागते.

म्हणून टिपणांपूर्वीचा सराव महत्त्वाचा ठरतो. तीन मिनिटांचे चिनी भाषण कागदाशिवाय ऐकून ते चिनीतच, निराळ्या शब्दांत आणि तर्कक्रमाने पुन्हा सांगणे, हा साधा सराव होय. परीक्षेत चिनीतून चिनीत सांगण्यास गुण नाहीत, म्हणूनच स्वतः तयारी करणारा उमेदवार त्याकडे पाठ फिरवतो.

परीक्षेच्या मर्यादा

या स्थितीचा सर्व दोष उमेदवाराच्या माथी मारता येणार नाही. खंडप्राय देशात सर्वांना समान भाषण, समान वेग व समान अवकाश मिळावा, यासाठी ध्वनिमुद्रित परीक्षा न्याय्य आहे, यात शंका नाही. परंतु तीत श्रोताच नसतो. प्रत्यक्ष कामात दुभाषा वक्त्याला शंका विचारू शकतो, श्रोत्यांच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून वाक्य सुधारू शकतो. परीक्षेत संकेतध्वनी वाजतो आणि यंत्रासमोर बोलावे लागते. ज्याला उद्देशून बोलावे असा कोणी समोर नसल्यामुळे, तपासनिसाला आवडेल असे इंग्रजी बोलण्याकडे कल वाढतो. परीक्षा जे मोजते तेच शिकवले जाते, हा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांना नवा नाही.

निष्कर्ष

१) प्रगत दुभाषा-परीक्षेतील चिनी भाषकाच्या अनेक चुका इंग्रजीच्या अज्ञानातून नव्हे, तर चिनी वाक्याच्या अपुऱ्या विश्लेषणातून आणि स्मृतीवरील ताणातून उद्भवतात.

२) आकड्यांचे तक्ते, रूढ पर्याय आणि चिन्हे ही साधने उपयुक्त आहेत; ती श्रवणाची जागा घेऊ शकत नाहीत.

३) स्वभाषेतील पुनर्कथनाला तयारीत प्रारंभीचे स्थान मिळावे आणि परीक्षेनेही ते कौशल्य प्रत्यक्ष मोजावे.

रूढ वाक्यांचे रूढ भाषांतर आज यंत्रही क्षणात पुरवते. त्यामुळे केवळ पाठांतरावर उभ्या असलेल्या तयारीचे व्यावसायिक मूल्य घटत जाणार, हे उघड आहे. वक्त्याला काय म्हणायचे आहे याचा निर्णय करून त्याची जबाबदारी घेणे, हे काम मात्र दुभाष्याकडेच राहते. मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या अध्यापकांसाठीही या चिकित्सेत एक सूचना आहे. विद्यार्थ्याच्या इंग्रजी वाक्यात गोंधळ दिसला, तर तो विचार त्याला मराठीत सरळ सांगता येतो का, हे आधी पाहावे. पुष्कळदा दुरुस्ती तेथूनच सुरू करावी लागते.