दोन मार्ग आणि एक मालकी : स्टोरेज अ‍ॅरे कंट्रोलर व व्हर्च्युअल होस्ट यांमधील पाथ फेलओव्हर – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात व्हर्च्युअलायझेशनने घडवून आणलेला बदल मूलगामी स्वरूपाचा आहे. व्हीएमवेअर कंपनीने २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर आणि २००३ मध्ये व्हीमोशन ही सुविधा बाजारात आणली. चालू स्थितीतील आभासी संगणक एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलविणे व्हीमोशनमुळे शक्य झाले. मात्र त्या काळी त्यासाठी दोन्ही होस्टना एकच सामायिक स्टोरेज दिसणे अनिवार्य होते. परिणामी, पूर्वी प्रत्येक सर्व्हरच्या पोटात असलेली डिस्क बाहेर पडली आणि एका सामायिक स्टोरेज अ‍ॅरेमध्ये एकवटली. पूर्वी एक डिस्क बिघडली तर एक संगणक बंद पडे. आता अ‍ॅरेकडे जाणारा मार्ग तुटला तर त्यावर विसंबलेले सर्वच आभासी संगणक एकाच क्षणी ठप्प होतात.

हा धोका टाळण्यासाठी अ‍ॅरेमध्ये दोन कंट्रोलर, होस्टमध्ये दोन एचबीए कार्डे आणि मध्ये दोन फायबर चॅनेल स्विच अशी रचना रूढ झाली. प्रत्येक कार्डाला दोन्ही कंट्रोलरचे एकेक पोर्ट दिसत असेल, तर एका लनपर्यंत, म्हणजेच अ‍ॅरेने होस्टला दिलेल्या साठवण-खंडापर्यंत, जाण्याचे चार मार्ग उपलब्ध होतात. एक मार्ग बंद पडल्यास दुसऱ्याने काम सुरू राहावे, यालाच पाथ फेलओव्हर असे म्हणतात. तथापि चार मार्ग असणे म्हणजे सुरक्षितता असणे होय काय, हा या लेखापुढील मुख्य प्रश्न आहे. उपलब्धता ही सुट्या भागांच्या संख्येतून निर्माण होत नसून ‘लनची मालकी कोणाकडे’ याविषयी अ‍ॅरे आणि होस्ट यांच्यात असलेल्या एकवाक्यतेतून निर्माण होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

‘सक्रिय-सक्रिय’ या संज्ञेची चिकित्सा :

स्टोरेज उत्पादनांच्या माहितीपत्रकांत ‘अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह’ ही संज्ञा सर्रास आढळते. ही संज्ञा खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. ईएमसी कंपनीच्या सिमेट्रिक्ससारख्या उच्च श्रेणीच्या अ‍ॅरेमध्ये कोणत्याही पोर्टमधून आलेली मागणी समान दर्जाने हाताळली जाई. मध्यम श्रेणीतील दोन कंट्रोलरच्या बहुसंख्य अ‍ॅरेंची गोष्ट वेगळी आहे. तेथे दोन्ही कंट्रोलर एकाच वेळी कार्यरत असतात हे खरे. पण एका विशिष्ट लनची मालकी एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असते. दुसऱ्या कंट्रोलरकडे मागणी आली, तर काही अ‍ॅरे ती नाकारतात, काही ती आतल्या जोडणीतून मालक कंट्रोलरकडे पोहोचवितात, तर काही मालकीच हलवितात.

एससीएसआय मानकातील एएलयूए ही पद्धत या विषमतेला प्रामाणिक शब्द देते. या पद्धतीत अ‍ॅरे आपल्या प्रत्येक पोर्टगटाची स्थिती होस्टला कळवितो : हा मार्ग सक्रिय आणि इष्टतम, हा सक्रिय पण इष्टतम नव्हे, हा राखीव, हा अनुपलब्ध. माहितीपत्रकातील एका विशेषणाने जो भेद झाकला जातो, तो मानकाने उघड केला आहे. म्हणून खरेदीदाराने ‘अ‍ॅरे सक्रिय-सक्रिय आहे काय’ असे न विचारता ‘एका लनसाठी दोन्ही कंट्रोलरचा दर्जा समान आहे काय’ असे विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल.

कंट्रोलर आणि होस्ट यांची परस्परसंगती :

२००९ मधील व्हीस्फिअर ४ या आवृत्तीत मार्ग हाताळण्याची जबाबदारी दोन घटकांत विभागली गेली. एक घटक अ‍ॅरेचा प्रकार ओळखून बिघाडाचा अर्थ लावतो, तर दुसरा घटक मागणी कोणत्या मार्गाने पाठवावी हे ठरवितो. मार्ग निवडण्याची तीन धोरणे प्रमुख आहेत. ‘फिक्स्ड’ धोरणात ठरवून दिलेला मार्ग वापरला जातो आणि तो पुन्हा सुरू होताच होस्ट त्याकडे परततो. ‘मोस्ट रिसेंटली यूज्ड’ या धोरणात शेवटी वापरलेला मार्गच चालू राहतो. ‘राउंड रॉबिन’मध्ये मार्ग आळीपाळीने वापरले जातात.

यांपैकी कोणतेही धोरण स्वभावतः चांगले वा वाईट नाही. ते अ‍ॅरेच्या वर्तनाशी जुळते की नाही हे महत्त्वाचे आहे. उदाहरणार्थ, मालकी हलविणाऱ्या अ‍ॅरेवर ‘फिक्स्ड’ धोरण लावले आणि दोन होस्टना भिन्न कंट्रोलरचे मार्ग नेमून दिले, तर पहिला होस्ट लन ‘अ’ कंट्रोलरकडे ओढतो आणि दुसरा ‘ब’ कंट्रोलरकडे. लन दोहोंमध्ये हेलकावे खात राहते. यालाच पाथ थ्रॅशिंग म्हणतात. येथे एकही भाग बिघडलेला नसतो, तरीही काम जवळजवळ थांबते.

आयबीएमच्या डीएस४००० मालिकेतील एव्हीटी ही सुविधा या दृष्टीने उद्बोधक आहे. मालक नसलेल्या कंट्रोलरकडे मागणी आली की लनची मालकी आपोआप तिकडे जाई. एकट्या सर्व्हरसाठी ही सोय होती; एकच लन वापरणाऱ्या ईएसएक्स होस्टच्या समूहासाठी मात्र तीच संकट ठरे. ती चालू राहणार की बंद, हे अ‍ॅरेवर नोंदविलेल्या ‘होस्ट टाइप’वरून ठरत असे. ईएमसीच्या क्लॅरिऑन अ‍ॅरेवरही होस्टची नोंदणी करताना ‘फेलओव्हर मोड’ निवडावा लागे. १ हा आकडा सक्रिय-निष्क्रिय पद्धतीचा, तर ४ हा एएलयूएचा. यादीतील एका निवडीवर संपूर्ण समूहाचे भवितव्य अवलंबून असावे आणि ती निवड तांत्रिक तपशील म्हणून दुर्लक्षिली जावी, ही विसंगती चिंतनीय आहे.

काळ आणि क्षमता यांचा हिशेब :

फेलओव्हर झाला एवढे पुरेसे नाही; तो किती वेळात झाला हेही पाहावे लागते. लिनक्समध्ये एससीएसआय डिस्कची प्रतीक्षामर्यादा मुळात ३० सेकंदांची असते. कंट्रोलर बदलण्यास त्याहून अधिक वेळ लागला, तर होस्ट सावरला तरी आतील आभासी संगणकाची फाइल व्यवस्था केवळ-वाचनीय स्थितीत जाऊ शकते. म्हणूनच व्हीएमवेअर टूल्स ही मर्यादा १८० सेकंदांपर्यंत वाढवितात. सर्वच मार्ग तुटल्यास काय करावे यासाठी २०१२ च्या व्हीस्फिअर ५.१ मध्ये १४० सेकंदांची पूर्वनिर्धारित मुदत आली. होस्टचे घड्याळ आणि आभासी संगणकाचे घड्याळ यांचा मेळ घालणे हे रचनाकाराचेच कर्तव्य आहे.

क्षमतेचे गणित याहून सोपे, पण अधिक विसरले जाणारे आहे. दोन्ही कंट्रोलर प्रत्येकी ७० टक्के भार वाहत असतील, तर एक बंद पडताच दुसऱ्यावर १४० टक्के भार येतो. शिवाय जोडीदार कंट्रोलर नसताना अनेक अ‍ॅरे लेखनासाठी कॅशचा वापर थांबवून थेट डिस्कवर लिहू लागतात. त्यामुळे वेग आणखी घटतो. अशा वेळी कागदोपत्री सेवा चालू असते, व्यवहारात ती बंदच असते.

एक निरीक्षण :

एका शैक्षणिक संस्थेच्या सर्व्हर-कक्षात प्रस्तुत लेखकास हा अनुभव जवळून पाहता आला. परीक्षा अर्ज भरण्याचे दिवस होते. अ‍ॅरेच्या एका कंट्रोलरचे फर्मवेअर अद्ययावत करण्यासाठी तो पुन्हा सुरू करण्यात आला. केबल चारही जागेवर होत्या, दिवे हिरवे होते. परंतु एका होस्टच्या झोनिंगमध्ये दुसऱ्या कंट्रोलरचा समावेशच नव्हता. त्या होस्टवरील सर्व आभासी संगणक थांबले आणि खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी येण्यास सांगावे लागले. त्यांपैकी काही जण एक दिवसाची मजुरी बुडवून आले होते. दोष कोणा एकाचा नव्हता. दुसरा मार्ग तपासणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते, एवढेच.

आक्षेप आणि उत्तर :

आधुनिक अ‍ॅरे आणि हायपरवायझर एएलयूएच्या साहाय्याने एकमेकांस आपोआप ओळखतात, तेव्हा ही चर्चा कालबाह्य झाली आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्य आहे. जुन्या काळातील अनेक चुका आता संभवत नाहीत. तथापि झोनिंग, भाराची मर्यादा आणि आभासी संगणकाची प्रतीक्षामर्यादा या बाबी आजही मानवी निर्णयाधीन आहेत. एनव्हीएमई या नव्या मानकातही एएनए या नावाने मार्गांच्या विषम दर्जाची तीच व्यवस्था करावी लागली, यावरून मालकीचा प्रश्न तंत्रज्ञानाच्या पिढीबरोबर संपत नाही हे स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१. मार्गांची संख्या हा उपलब्धतेचा पुरावा नव्हे. अ‍ॅरे आणि होस्ट यांच्यात मेळ नसेल तर चार मार्गांची अवस्था ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशीच होते.

२. एका समूहातील सर्व होस्टची अ‍ॅरेवरील नोंदणी आणि मार्गधोरण एकसारखे असणे आवश्यक आहे.

३. एका कंट्रोलरला संपूर्ण भार पेलेल इतकीच दोन्हींची मिळून वापरमर्यादा ठेवावी.

४. निविदेत ‘दोन कंट्रोलर’ एवढीच अट न घालता प्रत्यक्ष चाचणीची अट असावी. काम चालू असताना एकेक केबल काढावी, प्रत्येक कंट्रोलर क्रमाने पुन्हा सुरू करावा आणि लागलेले सेकंद आभासी संगणकाच्या आतून मोजून नोंदवावेत. बदल झाल्यावर ही चाचणी पुन्हा घ्यावी.

दुसरा कंट्रोलर विकत घेणे हा खर्चाचा भाग आहे. तो वेळेवर उपयोगी पडेल याची खात्री करणे हा जबाबदारीचा भाग आहे. पहिल्याची पावती मिळते, दुसऱ्याची नोंद आपणच ठेवावी लागते.